तिसऱ्या दशांशातला डोंगर

सांडशा डोंगराच्या वाटेत तिसऱ्यांदा दुरुस्ती झाल्याचा संदेश आला, तेव्हा मात्र केतकी सहाणेला राग आला. पहिल्या दोन दुरुस्त्या तिने सोडून दिल्या होत्या.

'नोंदणी आणि प्रत्यक्ष वापर यांत फरक आढळल्याने आडवीचा भाग पश्चिमेकडे सरकवण्यात आला आहे. नोंदणीकार के. सहाणे यांची अचूकता आता ब श्रेणीत धरली जाईल.'

आडवी म्हणजे सांडशाच्या कड्याला बिलगून जाणारी अरुंद पायवाट. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला दरी आणि दरीच्या तळाशी गारेवाडी. केतकीने ही वाट पाच वर्षांपूर्वी स्वतः चालून, प्रत्येक वळणावर थांबून नोंदवली होती. उन्हाळा होता, आकाश स्वच्छ होतं, घाई नव्हती. त्या नोंदणीत चूक असणं शक्य नाही, हे तिला जितकं पक्कं माहीत होतं तितकंच हेही माहीत होतं, की आपल्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही. कारण समोर 'वीत' होती.

२०४० नंतर डोंगरात फिरणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या हातात वीत असायची. तळहाताएवढं यंत्र. जुन्या जीपीएसमध्ये दहा-पंधरा फुटांची चूक गृहीतच धरावी लागे. उपग्रहाचा संदेश खाली येताना वातावरणाच्या वरच्या, विजेने भारलेल्या थरातून येतो आणि तिथे त्याला किंचित उशीर होतो. उशीर म्हणजे अंतरातली चूक. नव्या उपग्रहांनी हा उशीर सतत मोजून त्याची दुरुस्ती संदेशासोबतच पाठवायला सुरुवात केली आणि चूक एका वितीच्या आत आली. यंत्राचं नाव त्यावरूनच पडलं. मग दाट धुक्यात, समोरचा माणूस दिसत नसतानाही लोक कड्यावरून चालू लागले. पाय डावीकडे गेला की डाव्या मनगटाला थरथर, उजवीकडे गेला की उजव्या. पडद्यावर फक्त एक हिरवी ओळ आणि एक ठिपका. अक्षांश-रेखांशाचे आकडे कुणाला वाचायचे नव्हते, म्हणून ते काढूनच टाकले होते.

ती हिरवी ओळ आधी कुणीतरी चालून नोंदवावी लागे. केतकीचं काम तेच. संगमनेरच्या कॉलेजात काही वर्षं भूगोल शिकवून ती या कामात आली होती, आणि अकोले तालुक्यातल्या बहुतेक डोंगरवाटा तिच्या पायांनी नोंदवलेल्या होत्या.

ओळीत दुरुस्ती करण्याची पद्धत मात्र तिच्या धाकट्या बहिणीने बसवलेली होती. शाल्मली पुण्यात 'भूरेखा' कंपनीत होती. तिची युक्ती सरळ होती. वाटेवर चालणाऱ्या प्रत्येकाचं स्थान कंपनीच्या केंद्रात जमा होतं. हजारो पावलं सातत्याने ओळीच्या एकाच बाजूला पडत असतील, तर इतकी माणसं चुकणार नाहीत, नोंदवणारा एकटा चुकला असेल. अशा वेळी यंत्रणेने ओळ आपणहून पावलांखाली सरकवायची. या युक्तीमुळे देशभरातल्या वाटा बिनचूक झाल्या, आणि शाल्मलीला वयाच्या मानाने फार लवकर विभागाचं प्रमुखपद मिळालं.

केतकीने कपाटातून तिचा जुना जीपीएस काढला. पिवळ्या रबरी आवरणाचा, चार बटणांचा, कुठल्याही केंद्राशी न जोडलेला. त्यात आडवीवरच्या पाण्याच्या टाक्याची खूण पाच वर्षांपूर्वी दिवसभर बसून साठवलेली होती, आणि तिथून मैलभर पूर्वेला असलेल्या खिंडीतल्या वीरगळाचीही. तिने बॅटऱ्या घातल्या, दोन दिवसांचं खाणं बांधलं आणि ती गारेवाडीला गेली.

गारेवाडीत ती नेहमी अलका भांगरेकडे उतरायची. अलका डोंगरात येणाऱ्यांना जेवण द्यायची. तिचा नवरा मुंबईला कामाला होता, आणि वाडीत काही ठरवायचं असलं की लोक तिच्याच ओट्यावर बसायचे.

"या दिवसांत कुणी वाट नोंदवाया येत नाय," अलका म्हणाली. भाद्रपद चालू होता. पाऊस ओसरला होता, पण डोंगर अजून गळत होता.

"नोंदवायला नाही. तपासायला आलेय."

"काय हरवलंय?"

"बहुतेक काहीच नाही," केतकी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती टाक्याच्या काठावर जाऊन बसली. जुन्या यंत्राचा एकेक आकडा बेभरवशाचा असतो. आत्ता तो खऱ्या जागेच्या उत्तरेला दहा फूट दाखवील, थोड्या वेळाने दक्षिणेला आठ. पण चुका चहूबाजूंना पडतात, म्हणून एकाच जागी बसून खूप आकडे घेतले आणि त्यांची सरासरी काढली, तर चुका एकमेकींना खोडतात आणि खरी जागा उरते. त्यासाठी लागतो तो धीर. सकाळी एका दिशेचे उपग्रह वर असतात, दुपारी दुसऱ्या, म्हणून दोन्ही वेळांना बसायला हवं. केतकी बसली. भिजली, वाळली, पुन्हा भिजली. मग खिंडीत जाऊन वीरगळाशी तशीच बसली.

जुन्या यंत्रावर मिनिटाचे तीन दशांश दिसतात. तिसऱ्या दशांशातला एक आकडा म्हणजे जमिनीवर जवळजवळ सहा फूट. खिंडीतली सरासरी पाच वर्षांपूर्वीच्या खुणेशी तंतोतंत जुळली. टाक्याच्या रेखांशात शेवटचा आकडा दोनने कमी झाला होता.

दोन म्हणजे बारा फूट पश्चिमेला. दरीच्या बाजूला.

केतकीने टाक्याच्या काठावर हात ठेवला. टाकं कातळात खोदलेलं होतं. ते कुणी उचलून बारा फूट पलीकडे ठेवलं नव्हतं.

*

"ताई, त्या जुन्या खेळण्याची चूकच बारा फुटांची असते," शाल्मली फोनवर म्हणाली. "तू चुकीच्या आत चूक शोधतेयस."

"म्हणून तर सरासरी घेतली. आणि खिंडीत तशीच सरासरी घेतली तर फरक शून्य येतो. यंत्र खोटं असतं तर तिथेही खोटं बोललं असतं."

"तुझी श्रेणी मी बघते. पुढच्या महिन्यात पुन्हा अ करून घेऊ."

"शालू, मला श्रेणी नकोय. यंत्रणेने ओळ तीनदा सरकवली. तिन्ही वेळा पश्चिमेलाच का?"

पलीकडे कळफलकावरची टकटक थांबली.

"नोंदणीची चूक असती तर एकदाच दुरुस्त झाली असती ना?" केतकी म्हणाली. "तुझ्याकडे मूळ आकडे आहेत. दुरुस्त करण्याआधीचे. ते बघ. मग मला वेडी म्हण."

शाल्मलीने फोन ठेवला तो चिडूनच. ताईला कुणी चुकीचं ठरवलेलं लहानपणापासून चालत नसे. तरीही तिने दार लावून घेतलं आणि सांडशाचे मूळ आकडे पडद्यावर घेतले.

तीन पावसाळ्यांतल्या हजारो पावलांचे ठिपके होते. आडवीवरचे ठिपके दरवर्षी थोडे पश्चिमेला गेलेले. ते ती समजू शकत होती, लोक कड्यापासून थोडे लांबून चालू लागले असतील. पण आडवीच्या खालची गुरांची वाटही तितकीच सरकली होती. झऱ्याची वाटही. आणि खिंडीतली, डोंगराच्या सोंडेवरची एकही नाही. सरकलेले ठिपके तिने लाल केले, न सरकलेले निळे. दोघांमध्ये एक रेघ आपोआप उमटली. घोड्याच्या नालासारखी, वरच्या पठारावर वळलेली, दोन्ही टोकं दरीत उतरणारी. नालाच्या उघड्या तोंडाशी गारेवाडी होती.

आणि प्रत्येक वर्षीचं सरकणं आधीच्या वर्षीहून जास्त होतं.

यंत्रणेने काहीच चुकीचं केलं नव्हतं. माणसं ओळीबाहेर चालताहेत एवढं तिला दिसलं होतं आणि तिने ओळ हलवली होती. डोंगर हलू शकतो, ही शक्यता शाल्मलीने तिला शिकवलीच नव्हती.

केंद्राचे प्रमुख काळसेकर यांनी सगळं शांतपणे पाहिलं. ते वाईट माणूस नव्हते.

"भूवैज्ञानिकांना रीतसर कळवू," ते म्हणाले. "पण मूळ आकडे बाहेर जाणार नाहीत. उद्या लोक विचारतील, तुमच्या दुरुस्त्यांमध्ये आणखी काय काय दडलंय. एका डोंगरासाठी सगळे नकाशे संशयात टाकायचे?"

"खाली वाडी आहे, सर."

"असेल. आपण वाटांची कंपनी चालवतो, डोंगरांची नाही. पत्र जाऊ दे, पाहणी होऊ दे."

"रीतसर म्हणजे किती दिवस?"

काळसेकरांनी पुढची फाइल उघडली. शाल्मलीने आपल्या अधिकारात सांडशाची हिरवी ओळ बंद केली, मूळ आकडे सोबत घेतले आणि कुणाची परवानगी न मागता ती गारेवाडीच्या रस्त्याला लागली.

*

केतकी तिला पायथ्याशी भेटली. शाल्मली डोंगरात बऱ्याच वर्षांनी आली होती. तिचे बूट नवे होते.

"पठारावर भेग असायला हवी," केतकी म्हणाली. "एवढा तुकडा सुटतोय तर वर कुठेतरी फाटलं असणार. ती दाखवल्याशिवाय तहसीलदार वाडी हलवणार नाहीत. आकड्यांनी कुणी घर सोडत नाही."

"भेगेची जागा माझ्याकडे आहे. रेघ जिथून जाते तिथले आकडे काढलेत." शाल्मलीने वाचायला सुरुवात केली. "एकोणीस दशांश पाच पाच सहा नऊ शून्य. त्र्याहत्तर दशांश सात आठ तीन एक शून्य."

"थांब. हे अंशांतले दशांश आहेत. माझं यंत्र मिनिटं घेतं."

"तसेच भर ना."

"तसेच भरले तर त्र्याहत्तर अंश अठ्ठ्याहत्तर मिनिटं होतील. साठाच्या वर मिनिटं नसतात. यंत्राने ते नाकारलं तर बरं, पण अक्षांशातली पंचावन्न मिनिटं ते नाकारणार नाही आणि आपण भलत्याच डोंगराला जाऊ. दशांशानंतरच्या भागाला साठने गुण."

शाल्मलीने गुणलं. तेहतीस दशांश चार एक चार. सेहेचाळीस दशांश नऊ आठ सहा. केतकीने बटणं दाबून आकडे भरले.

पठारावर धुकं होतं आणि डोक्याच्या वर वाढलेली कारवीची झुडपं. वाट नव्हती. हिरवी ओळ तर नव्हतीच. केतकीने दोघींच्या कमरेला दोर बांधला.

"यंत्रावरच्या बाणाकडे बघून चालायचं का?" शाल्मलीने विचारलं.

"बाण चालतानाच खरा. उभं राहिलं की तो भरकटतो, आणि या कारवीत आपण घटकाघटकाला अडकणार. त्यापेक्षा आकडे धरू. आधी रेखांश जुळेपर्यंत पूर्वेला, मग अक्षांश जुळेपर्यंत उत्तरेला. तू आकडे वाच, मी वाट काढते."

शाल्मली वाचू लागली. नऊ सात शून्य. नऊ सात एक. केतकी कोयत्याने कारवी तोडत पुढे सरकत होती. कधी आकडा मागे जाई, मग दोघी थांबत, उजवीकडची झाडी चाचपत, पुन्हा पूर्व धरत. शाल्मलीच्या हाताला फांद्यांनी रेघोट्या पडल्या. आपण केंद्रात बसून हजारो वेळा हलवलेले हे आकडे, प्रत्येक आकड्याला एवढी झाडी असते, हे तिने कधी अनुभवलं नव्हतं.

"रेखांश जुळला," ती म्हणाली.

"आता उत्तर."

चार शून्य सहा. चार शून्य आठ. चार एक एक. चार एक दोन वाचेपर्यंत दोराला हिसका बसला आणि केतकी कमरेपर्यंत खाली गेली.

शाल्मली मागे रेलली, दोर धरून बसली. केतकीने दोन्ही हातांनी कारवीची बुडखी पकडली आणि ती हळूहळू बाहेर आली. तिच्या गुडघ्याला मार बसला होता. गवत बाजूला सारल्यावर भेग दिसली. माणूस मावेल एवढी रुंद, धुक्यात दोन्ही बाजूंना नाहीशी होणारी. केतकीने त्यात एक दगड टाकला. तो आदळत आदळत खाली गेला आणि शेवटी पाण्यात पडल्याचा आवाज आला.

"पाणी भरलंय," ती म्हणाली. "आपला हा सगळा डोंगर लाव्ह्याच्या थरांचा. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे तांबड्या मातीचा पट्टा असतो. कोरडी असते तोवर ती माती घट्ट. भिजली की साबणासारखी. वरून पाणी तिच्यापर्यंत पोचलंय, आणि वरचा कातळ तिच्यावरून घसरतोय."

शाल्मली भेगेकडे बघत राहिली. मग तिने फोटो काढले, प्रत्येक फोटोवर आकडे घातले, आणि दोघी आल्या वाटेने उतरल्या.

*

भेगेचे फोटो पाहून तहसीलदारांनी वाडी हलवायचा आदेश दिला. ओढ्यापलीकडच्या टेकडीवर आश्रमशाळा होती. तिच्या दोन वर्गांत आणि ओसरीवर गारेवाडी राहायला आली. माणसं, शेळ्या, भांडी, देव.

पहिले काही दिवस लोक डोंगराकडे बघत होते. मग बघेनासे झाले. पाऊस थांबला. स्वच्छ ऊन पडलं. खाली भात पिवळं पडू लागलं आणि वाडीतली घरं जशीच्या तशी उभी दिसत होती.

त्याच सुमारास शाल्मलीला कंपनीने कामावरून दूर केलं. ती आश्रमशाळेतच राहायला आली. केंद्रातून निघण्यापूर्वी तिने दोन वीत यंत्रांचं कुलूप उघडून घेतलं होतं. त्यांच्यावर हिरव्या ओळीऐवजी मूळ आकडे दिसायचे. एक वीत त्यांनी टाक्याच्या कातळाला घट्ट बसवून ठेवली, सूर्यप्रकाशावर चालणारी. दुसरी केतकीच्या हातात. दोन्ही यंत्रांना उरलेली चूक सारखीच व्हायची, म्हणून एकाचा आकडा दुसऱ्यातून वजा केला की टाकं कुठे आहे, हे तिला खिंडीत बसून बोटभर फरकापर्यंत दिसायचं.

आणि आकडा मंदावत चालला होता.

"पाणी ओसरतंय, म्हणून माती घट्ट होतेय," शाल्मली म्हणाली. "हे लोकांना सांगायचं का?"

"सांगायचं."

"ताई, मग ते परत जातील."

"आकडे लपवायचे नाहीत म्हणून तू घरी बसलीस, शालू. आता मी लपवू?"

संध्याकाळी शाळेच्या ओसरीवर केतकीने सगळ्यांना सांगितलं. डोंगर हलतोय, पण हळू झालाय. थांबेल का? माहीत नाही. पुन्हा जोरात सरकेल का? तेही माहीत नाही. भेग मात्र आहे आणि ती मिटणार नाही.

मग अलका उठली.

"केतकीताई, तुमच्या आकड्यावर आम्ही घरं सोडली. मी पहिली सोडली, म्हणून बाकीच्यांनी सोडली. आता भात पिकलंय. ते कापलं नाय तर वर्सभर काय खायाचं? आन् तुम्हीच म्हणता डोंगर गप झालाय."

"गप झाला नाही. हळू झालाय."

"आमाला त्यातला फरक भाताला सांगता येत नाय."

कुणीतरी हसलं. केतकी हसली नाही. रात्री मुक्कामाला खाली जाऊ द्यायचं नाही, हे तिचं पक्कं होतं. पण भात सोडा, असंही तिला म्हणवेना.

"दिवसा कापा," ती म्हणाली. "मी खिंडीत बसते. आकडा हलला की तिथूनच बटण दाबून शाळेचा भोंगा वाजवीन. भोंगा वाजला की हातातलं टाकून ओढा ओलांडायचा. विळा घ्यायला थांबायचं नाही, पेंढी उचलायची नाही. हे कबूल असेल तर मी तहसीलदारांशी बोलते."

"आन् खोटा वाजला तर?"

"तर खोटा वाजेल. तरी पळायचं."

अलकाने लोकांकडे पाहिलं. "कबूल," ती म्हणाली.

कापणी सुरू झाली. केतकी सकाळी खिंडीत जाई आणि सगळी माणसं ओढा ओलांडून परत आली की उतरे. गुडघा दुखे. शाल्मली जेवण घेऊन येई आणि तासभर ती आकडा बघत बसे, म्हणजे केतकीला डोळे मिटता येत. दोघींमध्ये बोलणं कमी होई. पण एकदा शाल्मली म्हणाली, "मी चुका पुसायची युक्ती काढली होती. आता वाटतं, चुका जपून ठेवायची काढायला हवी होती."

"अजून काढता येईल," केतकी म्हणाली.

एका दुपारी आकडा चार बोटं सरकला. केतकीने भोंगा वाजवला. खाली माणसं उठली, पळाली, ओढा ओलांडून धापा टाकत उभी राहिली. आकडा तिथेच थांबला. काहीच झालं नाही. एका म्हाताऱ्याचा पाय पळताना मुरगळला होता. तहसील कचेरीतून फोन आला, की असा भोंगा पुन्हा वाजला तर परवानगीचा फेरविचार करावा लागेल.

"पुन्हा वाजवशील?" शाल्मलीने विचारलं.

"हलला तर वाजवीन."

परतीच्या पावसाने एका संध्याकाळी जोरदार हजेरी लावली. सकाळी आकाश धुतल्यासारखं निळं होतं. शेवटची खाचरं उरली होती, त्यामुळे वाडीतली सगळी धडधाकट माणसं शेतात उतरली. केतकी खिंडीत पोचली तेव्हा आकडा स्थिर होता. ऊन वर आलं. ती पाणी प्यायली. पुन्हा पाहिलं तेव्हा शेवटचा आकडा बदललेला होता.

तिने डोळे चोळले नाहीत. बघत राहिली. बोटभर. थोड्या वेळाने आणखी बोटभर. मग दोन बोटं, पण आधीच्याहून कमी वेळात. मागच्या वेळी डोंगर एका धक्क्यात सरकून थांबला होता. या वेळी तो थांबत नव्हता, आणि प्रत्येक बोट आधीच्या बोटापेक्षा लवकर येत होतं.

तिने भोंग्याचं बटण दाबलं आणि दाबून धरलं.

दुर्बिणीतून पाहिलं, तर खाली माणसं वर बघू लागली होती, पण कुणी हललं नाही. कुणी कमरेवर हात ठेवून उभं राहिलं, कुणी पुन्हा वाकलं. मागच्या वेळची धावपळ सगळ्यांच्या लक्षात होती, आणि डोंगर उन्हात अगदी शांत दिसत होता. मग अलकाने विळा लांब फेकला. शेजारच्या बाईचा दंड धरून तिला उभं केलं, दुसरीच्या पाठीत थाप मारली, बांधावर बसलेल्या दोघांना ओढून काढलं. ती काय बोलत होती ते खिंडीत ऐकू येत नव्हतं. पण माणसं चालू लागली, आणि मग पळू लागली.

शेवटची माणसं ओढ्यात असताना आडवीवरची झाडं हलली. वारा नव्हता. झाडं उभीच्या उभी, न वाकता खाली येऊ लागली. केतकीच्या हातातला आकडा इतक्या भराभर बदलू लागला की वाचता येईना, आणि मग पडदा कोरा झाला. आवाज त्यानंतर आला. खिंड पायाखाली थरथरली. तांबडी धूळ उसळली आणि तिने गारेवाडी झाकली, खाचरं झाकली, ओढ्याच्या अलीकडच्या काठापर्यंत ती आली.

धूळ बसल्यावर वाडीच्या जागी मोठमोठे कातळ होते आणि ओली, तांबडी माती. अलका पलीकडच्या काठावर उभी राहून माणसांच्या डोक्यांना हात लावत नावं घेत होती. सगळी नावं झाल्यावर ती पुन्हा पहिल्यापासून घेऊ लागली. दुसऱ्यांदाही कुणी कमी पडलं नाही. मग ती तिथेच काठावर बसली.

केतकी उतरून तिथे पोचली तेव्हा अलकाने शेजारची जागा हाताने झाडून दिली. केतकी तिथे बसली.

*

थंडीत शाल्मली एक गुंडाळी घेऊन आश्रमशाळेत आली. 'भूरेखा'ला मूळ आकडे खुले करावे लागले होते. काळसेकरांनीच ते करून घेतलं, असं ती म्हणाली. त्यांनी तिला परतही बोलावलं होतं, पण तिने नाही म्हटलं होतं. तिला आता आपली पद्धत उलटी चालवायची होती. यंत्रणेने जिथे जिथे नोंदणीची चूक म्हणून ओळ सरकवली, त्यातल्या कुठल्या जागी खरोखर नोंदणी चुकली होती आणि कुठे जमीन हलली होती, ते वेगळं काढायचं.

तिने गुंडाळी उलगडली. सह्याद्रीचा नकाशा होता, कोकणाच्या उतारापासून महाबळेश्वरापर्यंत. त्यावर लाल नाल काढलेले होते. काही लहान, काही सांडशाएवढे. प्रत्येकाच्या तोंडाशी एक नाव होतं.

केतकीचा गुडघा अजून पट्टीत होता. डॉक्टरांनी उन्हाळ्यापर्यंत डोंगर चढू नकोस म्हणून सांगितलं होतं. तिने नकाशावर बोट फिरवलं. यातल्या कुठल्याच वाडीला हे माहीत नव्हतं. तिथे आत्ता चुली पेटल्या असतील.

"पाऊस यायच्या आत सगळीकडे भेगा शोधायला लागतील," ती म्हणाली. "पहिला कुठला?"

"हा. पोलादपूरच्या बाजूचा. सगळ्यात जास्त वेग याचाच आहे." शाल्मलीने आकडे दाखवले. तिने ते आधीच मिनिटांत करून आणले होते. "तू खाली थांब. वर मी जाते."

"कारवीत तू एकटी?"

"दोर धरायला कुणीतरी शोधू."

"आन् लोकांना सांगणार कोण?"

अलका दारात उभी होती. ती कधी आली, दोघींना कळलं नव्हतं. तिने पुढे येऊन नकाशा पाहिला. एकेका नावावर थोडी थोडी थांबली.

"तुम्ही दोघी जाल, भेग दाखवाल, आकडे सांगाल," ती म्हणाली. "ते ऐकून घेतील, चहा पाजतील आन् घरात जाऊन झोपतील. आमीबी तेच करणार होतो. घर सोडा म्हणाया घर सोडलेलं माणूस पायजे."

तिने खुंटीवरची पिशवी काढली आणि तिच्यात एक लुगडं भरलं.

"सकाळची पहिली गाडी किती वाजता हाय?"